लेकीनं भरलेली घरपट्टी

माझी मुलगी इंग्लंडमधल्या एका शहरात नर्स आहे. तिथं दवाखान्याजवळ तिनं एक छोटं घर भाड्यानं घेतलं, आणि ते घर तिच्या हातून जायची वेळ माझ्यामुळे आली. मी कोणाशी भांडलो नाही, कोणाला फसवलं नाही. मी फक्त एका म्हाताऱ्या माणसाला सावध केलं. तेव्हा माझ्या मनात त्याचं भलंच होतं, हे मी आजही शपथेवर सांगीन. पण चांगल्या मनानं केलेली चूक फार टोचते. तिच्यासाठी स्वतःला धड शिव्याही देता येत नाहीत.

आधी घराचं सांगतो. सुरुवातीला ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला चार अनोळखी मुलींबरोबर राहत होती. रात्रपाळी संपली की दोन बस बदलून घरी यायची, आणि आल्यावर न्हाणीघराच्या दारात रांगेत उभी राहायची. तिथल्या स्वयंपाकघराच्या छताला एक यंत्र बसवलेलं होतं. धूर दिसला की ते बोंबलायचं. आमच्या मुलीनं पहिल्याच दिवशी वरणाला लाल मिरचीची फोडणी दिली तेव्हा पूर्ण इमारत रस्त्यावर येऊन उभी राहिली. त्यानंतर तिनं फोडणी सोडून दिली. वऱ्हाडातली मुलगी बिनफोडणीचं वरण खाते हे कळल्यावर माझ्या बायकोला घास जाईना. मुलगी परदेशी गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

म्हणून हे घर मिळालं तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला असेल ते समजा. दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर, न्हाणीघर एकटीचं, स्वयंपाकघराला मागच्या बाजूनं मोठी खिडकी. घर जोडघर होतं. एक अर्धं हिचं, दुसऱ्या अर्ध्यात घरमालक राहायचा. घरमालक म्हणजे ऐंशीच्या घरातला एकटा गोरा म्हातारा. डोक्यावर कायम एक चपटी टोपी, हातात कायम झुडपं कापायची मोठी कात्री. करार एका वर्षाचा होता.

एका रविवारी फोनवर बोलता बोलता ती सहज म्हणाली, "बाबा, नगरपालिकेचं बिल आलं. घराच्या टॅक्सचं. माह्या नावानं."

मी विचारलं, "घरपट्टी? घर त्याचं, अन् घरपट्टी तू कायले भरून राह्यली?"

"इथं राह्यनाराच भरते बाबा. मालक नाई भरत. एकटी राह्यते म्हनून मले सूट बी देल्ली."

मी "बरं" म्हटलं आणि फोन बायकोच्या हातात दिला.

आमच्याकडे भाडेकरू लाइटबिल भरतो, झालंच तर पाण्याचं भरतो. घरपट्टीला मात्र त्याचा हात लागू द्यायचा नाही, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. ज्याच्या हातात पावती, त्याचं घर. आज ना उद्या तो ती पावती घेऊन उभा राहील आणि म्हणेल, इतकी वर्षं मी भरतो, तर घर कोणाचं? तहसीलमधले लोक सांगतात की घरपट्टीच्या पावतीनं मालकी ठरत नाही. ते सांगतात आणि आम्ही मान डोलावतो. घरी आल्यावर पावत्या गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या खाली ठेवतो.

मी मानोऱ्याला शाळेत शिक्षक आहे. माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी एका बँकेतल्या कारकुनाला दिल्या आहेत. फार सज्जन माणूस. एकदा नगरपंचायतीचा माणूस दारात आला, मी शाळेत होतो, म्हणून त्या कारकुनानं मला फोन केला. म्हणाला, "सर, तुमी येजा करू नका, मी मोबाइलवरून भरून टाकतो, तुमी नंतर देजा." मी आठवीच्या वर्गावर होतो. फळ्यावर शिवाजी महाराज आग्र्याला नजरकैदेत होते. त्यांना तसंच ठेवून मी सायकल काढली. घरी पोचलो तेव्हा एक चप्पल पायात नव्हती. त्या सज्जन माणसाच्या हातातून मी कागद ओढून घेतला आणि नंतर लाज वाटून त्याला चहा पाजला. चहा पिताना तो एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या अनवाणी पायाकडे बघत होता.

तर मुलीनं सांगितलेली गोष्ट मी दादाच्या कानावर घातली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो आमच्या गावी, इंझोरीला, शेती करतो. आमचं वावर, म्हणजे शेत, अजून एकत्र आहे आणि ते दादाची मुलं वाहतात. तो एके काळी सरपंच होता. घरपट्टी या विषयात त्याचा शब्द शेवटचा मानला जातो. तो स्वतः घरपट्टी फक्त निवडणुकीच्या आधी भरायचा, कारण थकबाकी असली की उमेदवारी अर्ज बाद होतो. पण म्हणूनच त्याला तिची खरी किंमत ठाऊक होती.

त्यानं ऐकून घेतलं, तंबाखू मळायची थांबवली आणि इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला.

"बिल कोनाच्या नावानं आलं?"

"पोरीच्या."

"पावती कोनाच्या नावानं भेटन?"

"तिच्याच."

"अन् म्हाताऱ्याले हे ठाऊक हाये?"

"त्यानंच सांगतलं म्हनते, तू भर म्हनून."

दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबू, तुही पोरगी नशीब काढून आली. कोनाले सांगू नको. पावत्या जपून ठेव म्हना. बारा वर्षं गप बसली, का घर तिचं."

मी म्हटलं, "दादा, तिथं कायदा येगळा असन."

"कायदा इंग्रजानंच केला ना? मंग?"

कोणाला सांगू नको म्हणणाऱ्या दादानं संध्याकाळपर्यंत ते सगळ्या इंझोरीला सांगितलं. पुढच्या शनिवारी मी गावात गेलो तर एसटीतून उतरल्याबरोबर दोघांनी हात मिळवले. चहाच्या टपरीवर एकानं माझे पैसे दिले. एकजण म्हणाला, "सर, आमचा पोरगा तिकडं जातो म्हनते, घर आपलंच हाये तवा काई चिंता नाई." आमच्या शेजारची म्हातारी काठी टेकत आली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुह्या पोरीनं इंग्रजाचं घर घेतलं म्हनते. बरं केलं बाप्पा. त्यायनं आपलं लय दिवस वापरलं."

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं की असं काही नाही. मी हसलो. टपरीवरचा चहासुद्धा पिऊन टाकला.

आणि मग मला तो म्हातारा दिसायला लागला. व्हिडिओ कॉलवर तो मागच्या बाजूला कुठंतरी असायचाच. मुलगी सांगायची, आज त्यांनी नळ दुरुस्त करून दिला. आज त्यांनी कुंडीतले टमाटे आणून दिले. त्याचे टमाटे खायचे आणि त्याचंच घर गिळायचं, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नाही! दुपारी जेवून पडलो की डोळ्यांपुढे तोच यायचा. टोपी, कात्री आणि काखेत गाठोडं घेऊन फुटपाथवर उभा. माझ्या मनात याहून वाईट विचार आला तो मी इथं कबूल करतो. मला वाटलं, मुलीला हे सगळं माहीत असेल. मुद्दामच गप्प असेल. पोटच्या मुलीवर मी असा संशय घेतला. तिला सरळ विचारायची हिंमत झाली नाही, कारण ती हो म्हणाली असती तर मी काय करणार होतो?

मी ठरवलं की म्हाताऱ्याला आपणच सांगायचं.

संधी एका रविवारी आली. आमच्याकडे दुपार होती, तिच्याकडे सकाळ. ती फोन घेऊन मागच्या अंगणात गेली होती. म्हातारा झुडपं कापत होता. तिनं "माझे बाबा" म्हणून ओळख करून दिली, त्यानं टोपीला हात लावला. तेवढ्यात तिच्या पुढच्या दाराची घंटा वाजली, कोणी पार्सल घेऊन आलं होतं. "एक मिनिट धरा," असं म्हणून तिनं फोन त्याच्या हातात दिला आणि आत गेली.

माझी बायको आत कपडे वाळत घालत होती. मी आणि तो, दोघंच. माझं इंग्रजी पुस्तकातलं आहे, बोलायची सवय नाही, पण ती वाक्यं मी आठवडाभर मनात घोटून ठेवली होती. मी त्याला सांगितलं, "महाशय, आपण भले गृहस्थ आहात. म्हणून मी आपल्याला एक गोष्ट सांगतो. आमच्या देशात जो भाडेकरू घराचा कर भरतो, तो पुढे त्या घरावर हक्क सांगतो. माझी मुलगी आपल्या घराचा कर भरते आहे. आपण तो तिला भरू देऊ नका. आपलं घर सांभाळा."

त्याला माझा शब्दन् शब्द समजला. चेहऱ्यावर मला ते दिसलं. कात्री हळूच खाली आली. तो म्हणाला, "मला हे सांगितल्याबद्दल मी आपला फार आभारी आहे." तेवढ्यात मुलगी परत आली.

त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की मी एक भाकर जास्त खाल्ली. बायको म्हणाली, "काय झालं आज?" मी म्हणालो, "काई नाई, हवा चांगली हाये."

आठवडा संपायच्या आत मुलीचा फोन आला. बायकोनं स्पीकर लावला.

"बाबा, तुमी काय सांगतलं त्यायले?"

"कोनाले?"

"बाबा."

मी सगळं सांगितलं. मग तिनं जे सांगितलं ते असं. म्हातारा दुसऱ्याच दिवशी कोट घालून नगरपालिकेत गेला. तिथल्या बाईंना म्हणाला, भाडेकरूच्या नावचं बिल काढा आणि माझ्या नावानं करा, मी भरतो. त्या म्हणाल्या, तसं होत नाही. हा कर घर ज्याचं त्याचा नाही, घरात जो राहतो त्याचा. कचरा कोण टाकतो? रस्त्यावरचे दिवे कोण वापरतं? जो राहतो तो. घर रिकामं असेल तरच मालकानं भरायचा. हा हट्टाला पेटला, म्हणाला, मला भरायचाच आहे. बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत कर चुकवायला आलेले घरमालक पुष्कळ पाहिले, भरू द्या म्हणून भांडणारा पहिलाच.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! त्यायले वाटते नगरपालिका बी मले फितूर हाये. काल दारात आले, आत बी नाई आले. म्हने तुह्या वडिलायनंच मले सांगतलं. करार संपला का घर खाली कर. मले रिकामं ठेवाचं हाये."

"रिकामं ठेवलं तर टॅक्स त्याच्यावर येते ना?"

"तेच तर पायजे त्यायले! पावती त्यायच्या नावाची येईन!"

माझ्या बायकोनं हातातला टॉवेल माझ्या मांडीवर टाकला. ती सहसा मला बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "सारी दुनिया खोटं बोलून घरं घेते. तुमी खरं बोलून पोरीचं घर घालवलं."

मुलगी म्हणाली, "आई, त्यायले बोलू नको. मले पुन्हा त्या फोडणीच्या भोंग्यात जा लागन एवढंच." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

मी म्हाताऱ्याला समजावून सांगायची तयारी दाखवली. ती घाईनं म्हणाली, "नको! बाबा, तुमी आता त्यायच्याशी बोलू नका. पाया पडते."

शेवटी मी पुन्हा दादाकडे गेलो. त्याच्याशिवाय जाणार कुठं? त्यानं आधी मनसोक्त शिव्या दिल्या. "पोरगी घरात बसली होती, तुनं जाऊन मालकाले उठोलं! हरिश्चंद्राची औलाद!" मग म्हणाला, "लिहून देऊ."

"काय?"

"स्टॅम्पवर लिहून देऊ. मी भाडेकरू, घरपट्टी भरली तरी माहा काई हक्क नाई, माह्या वारसाचा नाई. साक्षीदारायच्या सह्या. मंग त्याची काय बिशाद हाये नाई म्हनाची?"

"दादा, इंग्लंडात आपला स्टॅम्प कुठी चालते?"

"त्याचं भेव कुठलं हाये? आपलंच ना? मंग औषध बी आपलंच चालन."

हे मला पटलं, हे सांगायला आज संकोच वाटतो. पण खरंच पटलं. म्हाताऱ्याच्या डोक्यात ती भीती मी मानोऱ्याहून पाठवली होती. ती काढायला तिथलं कोणी कसं पुरं पडणार?

मानोऱ्यात तहसीलच्या बाहेर अर्जनवीस बसतात. अर्जनवीस म्हणजे लोकांचे अर्ज, करार, प्रतिज्ञापत्रं लिहून देणारे. पूर्वी ते टंकयंत्र घेऊन लिंबाखाली बसायचे, आता टिनाच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसतात. आमचा अर्जनवीस दादाच्या सरपंचकीपासूनचा. त्यानं कहाणी ऐकली आणि त्याला जराही नवल वाटलं नाही. तो म्हणाला, "म्हंजे हक्कसोड. फॉरमॅट तयार हाये." आणि कळफलक पुढे ओढला.

नाव, वय, धंदा लिहून झालं. मग त्यानं विचारलं, "चतुःसीमा?"

मी म्हणालो, "त्याची काय गरज?"

"गुरुजी, घराच्या चारी बाजूले काय हाये हे लिहिल्याबिगर घर कोनतं हे कसं समजन? उद्या कोनी म्हनन, हे घर नाई, ते घर."

दादा म्हणाला, "बरोबर हाये. लाव फोन."

मी म्हटलं, ती चिडेल. दादानं माझा फोन घेऊन स्वतःच लावला आणि पडद्याला तोंड चिकटवून ओरडला, "बेटा, तुह्या घराच्या पूर्वेले काय हाये?"

तिचा तो सुटीचा दिवस होता. ती मागच्या ओट्यावर चहा घेऊन बसली होती. "मोठे बाबा? काय झालं? कोनाची पूर्व?"

दादानं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. नाही म्हणाली, वेडे झाले का म्हणाली. पण आम्ही तिघं पुरुष त्या टिनाच्या खोलीत घाम पुसत, तिच्या तोंडाकडे बघत इतके गरीब दिसलो असू की शेवटी ती उठली. "पूर्वेले रस्ता," म्हणाली.

"पूर्वेस सार्वजनिक रस्ता," अर्जनवीसानं टंकलं. "पश्चिम?"

"पश्चिमेले गल्ली. कचऱ्याचे डबे ठेवतात तिथं."

"दक्षिन?"

"दक्षिनेले मालकाचंच घर. मधात एकच भिंत हाये."

"उत्तर?"

"उत्तरेले शेजाऱ्याची झुडपं..."

तिच्या मागं कात्रीचा आवाज थांबला. तिच्या चारी दिशांना हात दाखवण्याकडे म्हाताऱ्याचं लक्ष गेलं होतं. तो कुंपणाच्या पलीकडून, तिच्याकडे न बघता, कोरड्या आवाजात काहीतरी बोलला. मुलीनं त्याला उत्तर दिलं, हातातला फोन दाखवला, उत्तरेकडं बोट केलं. आणि काय झालं ते मला लगेच कळलं नाही, पण म्हातारा एकदम तावातावानं बोलायला लागला.

"काय म्हनते तो?" दादा म्हणाला.

"काई नाई मोठे बाबा. ते म्हनतात उत्तरेची हद्द लिहाची असन तर नीट लिहा. तिकडच्या शेजाऱ्यानं झुडपं लावता लावता एक हात आत सरकवली म्हनतात. वर्षानुवर्षं."

दादाचा चेहरा असा उजळला की मी तो सरपंच झाला त्या दिवशीही तसा पाहिला नव्हता. आमच्याकडे दोन शेतांच्या मधल्या बांधाला धुरा म्हणतात, आणि दादाचं अर्धं आयुष्य शेजाऱ्याच्या धुऱ्यात गेलं आहे. "धुरा कोरला म्हन ना त्यानं! विचार त्याले, रातच्यान सरकवते का पाऊस पडल्यावर?"

तिनं विचारलं. म्हातारा कुंपणाला लागून आला. "म्हनतात, ते सुटीवर गेले का सरकवते."

"तेच! मी लग्नाले गेलो का आमचावाला कोरते. त्याले सांग, तोंडानं बोलू नको. सरकारी मोजनी आन. हद्दीचा दगड गाड. दगडाले काई बोलता येत नाई, अन् त्याले दबकावता बी येत नाई."

मुलगी बिचारी दोन्हीकडून भाषांतर करत होती. पहिल्यांदाच, घर खाली कर म्हटल्यापासून, म्हातारा तिच्याशी मान वर करून बोलत होता. तो मध्येच फोनमध्ये डोकावला, दादाकडे पाहून टोपीला हात लावला. दादानं आपल्या टोपीला हात लावला.

इकडे अर्जनवीसाचा कागद छापून झाला. तो म्हणाला, "वाचून दाखवतो, समजून घ्या," आणि आपल्या कोर्टातल्या आवाजात सुरू झाला. मुलगी वाक्यावाक्याला थांबवून म्हाताऱ्याला सांगत होती. मी लिहून देणार अमुक. सदर घराचा कर मी भरत असले तरी सदर घरावर माझा, माझ्या वारसांचा, कोणत्याही प्रकारचा हक्क नाही व राहणार नाही. म्हातारा दोन्ही हात कुंपणावर ठेवून ऐकत होता. तोंडावरून काही कळत नव्हतं. मला वाटत होतं, आता हा कात्री उचलून आत जाईल.

"...सदरहू हक्क मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता, मायाप्रेमापोटी, माझे सख्खे भाऊ लिहून घेणार यांचे लाभात सोडून दिला आहे."

मुलगी थांबली.

मी अर्जनवीसाकडे पाहिलं. त्यानं कागदाकडे पाहिलं. "फॉरमॅटमधलं राह्यलं," तो पुटपुटला. "आमच्याकडं बहिनीच येतात ना."

पलीकडे म्हातारा विचारत होता, का थांबलीस? माझ्या मुलीला खोटं बोलता येत नाही. तो माझाच दोष आहे. तिनं सांगितलं की या कागदाप्रमाणे तुम्ही माझे सख्खे भाऊ आहात.

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं त्याला काही झालं. तो हसत होता. हसता हसता त्यानं टोपी काढून डोळे पुसले आणि मागच्या बुटक्या भिंतीवर बसला. मग हळूहळू काही बोलला. मुलीनं ते आम्हाला लगेच सांगितलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, "ते म्हनतात, मले दोन लेकरं हायेत. दोघंही आत्तापासून विचारतात, कोनतं घर कोनाचं. नाई पायजे असं लिहून देनारी तू पह्यलीच."

"मंग घराचं काय?" मी आणि अर्जनवीस एकदमच म्हणालो.

"राह्य म्हनतात. पुढचं वर्ष बी." तिनं पुन्हा म्हाताऱ्याकडे बघितलं. "पन हा कागद पायजे म्हनतात. भाऊ तसाच ठेवा म्हनतात, खोडू नका."

मी टिनाच्या भिंतीला टेकून बसलो. अर्जनवीस कागदावर गोल शिक्का मारायला लागला, जरूर नसलेल्या ठिकाणीही. म्हणाला, "बाई, आता मी हा पाठवतो, जिथं फुली केली तिथं सही करा अन् परत पाठवा."

मुलगी म्हणाली, "काका, हा फॉरमॅट मूळचा कायचा असते?"

"बहिनीचा असते बाई. बापाच्या वावरातला हिस्सा भावायच्या नावानं सोडून द्याचा. रोजचेच असतात."

"असं." मग ती म्हणाली, "मोठे बाबा, ऐकून राह्यले ना? ही सही मी करते. इथलं घर माहं नाईच हाये, ते सोडाले काय जाते? पन इंझोरीचं वावर हाये. बाबाच्या हिश्शाचं. तिथं हा फॉरमॅट काढू नका. तिथं मी सही करनार नाई."

ती माझी एकुलती एक. माझ्या हिश्शाचं काय होणार हे घरात कधी कोणी बोललं नव्हतं, कारण तो दादाच्या मुलांकडे जाणार हे सगळ्यांनी धरलंच होतं, मीसुद्धा. दादापुढे ते बोलायला मला हा जन्म पुरला नसता. तिनं ते तिथून, हातात थंड झालेला चहा घेऊन, एका वाक्यात सांगितलं. मला आनंद झाला. दादा बाजूला बसलेला असताना झाला, म्हणून लगेच वाईटही वाटलं.

दादा पंख्याकडे बघत होता. पलीकडे म्हाताऱ्यानं तिला काहीतरी विचारलं, तिनं सांगितलं, तो मान हलवून बोलला.

"काय म्हनते तो?" दादानं विचारलं.

"ते म्हनतात, बरोबर हाये."

"त्याले म्हना," दादा म्हणाला, "तू आपला धुरा पाह्य."

आणि अर्जनवीसानं पुढे केलेला पेन ओढून घेऊन त्यानं साक्षीदाराच्या जागी सही केली.